चौतीस बंदरं, एक चमचा

नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला जाणाऱ्या बोटीचं माहितीपत्रक आणि तिचं वेळापत्रक यांचं आपसांत फारसं पटत नाही. माहितीपत्रकात फ्योर्ड, बर्फाचे डोंगर आणि लोकरी टोप्यांतली सुखी जोडपी असतात. वेळापत्रकात बर्गनपासून रशियाच्या सीमेलगतच्या किर्केनेसपर्यंतची ३४ बंदरं निमूट एकाखाली एक उभी असतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला ऐन मध्यरात्रीची जेमतेम पंधरा मिनिटं येतात.

भरपूर पैसे मोजून आलेला पाहुणा यावर हिरमुसतो. पण बोट त्याच्यासाठी थांबतच नसते. ती थांबते खोकी उतरवायला, आणि पुढच्या बेटावर आजीकडे निघालेल्या पोराला चढवून घ्यायला. भाऊच्या धक्क्यावरून सुटून जयगड, विजयदुर्ग, मालवण घेत पणजीला जाणारी आगबोट ज्यांना आठवते, त्यांना या बोटीची जात लगेच ओळखू येईल. इथे हेलकावणाऱ्या पडावात उतरावं लागत नाही, एवढीच काय ती चैन.

हुर्टिगरूटन नावाचा हा मार्ग जन्माला आला तोच टपालापायी. हामरफेस्टला धाडलेलं पत्र हिवाळ्यात महिनोन्‌महिने वाटेतच असायचं. अंधारात, त्या खडकाळ किनाऱ्याने बोट न्यायची म्हटल्यावर बड्या कंपन्यांनी हात वर केले. रिचर्ड विथ या कप्तानाने मात्र कुठल्या दिशेला, किती वेगाने, किती वेळ जायचं याच्या नोंदी आधीपासूनच करून ठेवल्या होत्या. २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘वेस्टरोलेन’ ट्रॉनहाइमहून निघाली. दिसत नसेल तेव्हा होकायंत्र आणि घड्याळ, यांवर भिस्त. घड्याळाच्या भरवशावर खडक चुकवणाऱ्या माणसाच्या मार्गावर प्रवाशाचे लाड पंधरा मिनिटांहून जास्त कसे व्हावेत?

तरी वेळापत्रक अन्यायी नाही. जाताना जी बंदरं रात्री लागतात, ती बहुतेक सगळी परतीला दिवसा लागतात. कागदावर हा न्याय चोख दिसतो. पण पार उत्तरेला जूनमध्ये सूर्य मावळत नाही आणि डिसेंबरात उगवत नाही, त्यामुळे एका मोसमात दोन्ही खेपा दिवसाच्या आणि दुसऱ्यात दोन्ही रात्रीच्या!

थांबा चांगला लांब मिळाला तर ओलेसुंदला चालावं. जानेवारी १९०४ मध्ये एका रात्रीत हे लाकडी गाव जळालं आणि सुमारे दहा हजार माणसं बर्फात उघडी पडली. जर्मनीचा कैसर विल्हेल्म उन्हाळ्यात या बाजूला फिरायला येई. त्याने मदतीची जहाजं धाडली. मग तीनेक वर्षांत गाव दगडविटांचं उठलं, तेही त्या काळच्या फॅशनप्रमाणे मनोरे, वेलबुट्ट्या आणि दारांवर विचित्र चेहरे घेऊन. संकटातून सावरताना इतकी हौस करायला मोठंच मन लागतं.

लोफोटेनमध्ये हिवाळाअखेरीस गेलात तर लाकडी मांडवांवर कॉड मासे जोडीजोडीने शेपटीला बांधून टांगलेले दिसतात. मीठ नाही, काही नाही, नुसता वारा. पाहुण्यांच्या नाकाला रुमाल लागतात. मुरुड-हर्णैचा माणूस मात्र इथे खोल श्वास घेऊन भाव विचारेल.

हामरफेस्टला उतरले की लोक धावतात ते ध्रुवीय अस्वलांच्या मंडळाचे सभासद व्हायला. अट एकच : स्वतः गावात हजर पाहिजे. घरबसल्या अर्ज चालत नाही. सभासदत्वाचा उपयोग काय, हे विचारणारा माणूस बहुधा बोटीवरच राहिलेला असतो. किर्केनेस तर इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे, रस्त्यांच्या पाट्या रशियन भाषेतही आहेत. युरोपच्या नकाशाबद्दलचे आपले समज तिथे थोडे डळमळतात, आणि मग बोट तोंड फिरवते.

जाताना ध्रुववृत्त ओलांडलं की डेकवर लोकांच्या मानेवरून सदऱ्याच्या आत बर्फाचं पाणी ओततात. थोरामोठ्यांना त्यातून सूट नाही, उलट तेच रांगेत पुढे असतात. परतीला तीच रेषा ओलांडली की चमचाभर कॉड लिव्हर ऑइल पाजतात. लहानपणी आईने नाक दाबून पाजलं तेव्हा घर डोक्यावर घेणारी माणसं इथे ते हसत गिळतात, फोटो काढवून घेतात आणि चमचा धुऊन बॅगेत टाकतात.