वाकडी वाट रामटेकची

नागपुरात धरमपेठेतल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड उभी असते. तिचे मालक तिला स्पोर्ट्‌स कार म्हणतात. घरात हे मत अल्पमतात आहे.

मालकांची बाजू अगदीच लंगडी नाही. ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली इंग्लंडात हेराल्ड काढली, तिचं रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉटीने रेखलं आणि तीन वर्षांनी हिचीच चासी आखूड करून तिच्यावर स्पिटफायर ही अस्सल स्पोर्ट्‌स कार उभी राहिली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्ड भारतात बांधली. शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर तिने शर्यतीही पाहिल्या. मालकांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, युक्तिवाद मात्र एका ओळीत संपतो: इंजिन ९४८ सीसीचं, आणि हल्लीच्या पोरांच्या काही मोटरसायकलीसुद्धा याच्या पुढे गेल्या आहेत.

मराठी मुलखाला या शौकाचं वावडं आहे असंही नाही. शेजारच्या गोव्यात फायबरच्या अंगाची सॅन स्टॉर्म बनली, अलिबागला चिंकारा रोडस्टर बनली, दिलीप छाब्रियांची अवंती रस्त्यावर आली. पण या तिघींचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी नागपूरच्या मालकांनी हेराल्डवर जीव लावला होता. गाडीनेही पन्नाशी ओलांडेपर्यंत साथ दिली. पन्नाशीनंतर ती आपल्या मनाने चालू लागली.

म्हणजे शब्दशः. साठच्या वेगात, सरळ रस्त्यावर, चाक सरळ धरलेलं असताना हेराल्ड हळूच डावीकडे सरके. मालक तिला परत आणत, तर ती उजवीकडे जाई. स्टिअरिंग मध्यावर दोन बोटं फिरलं तरी पुढच्या चाकांना त्याची खबर नसे. वर्धा रोडवर एका हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली, मालकांच्या तोंडाचा वास घेतला आणि काहीशा निराशेने त्यांना जाऊ दिलं.

पुण्याहून सुटीवर आलेल्या इंजिनिअर भाच्याने व्हील अलाइनमेंट सुचवलं. दुकानातलं यंत्र संगणकावर चालणारं, पण त्याच्या यादीत हेराल्ड हे नावच नव्हतं. तिथल्या पोराने थोडा विचार करून "हिच्यासारखीच" म्हणून एक आजची छोटी हॅचबॅक निवडली. सगळे आकडे हिरवे झाले, रंगीत कागद छापून आला आणि गाडी आता प्रमाणपत्रासह वाकडी जाऊ लागली.

मग मिस्त्री आले. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरवर आयुष्य काढलेले, बोलायला कमी, ऐकायला त्याहून कमी. त्यांनी एक चक्कर मारली आणि निदान केलं, "रोड पकडून नाही राहिली जी गाडी." एवढं मालकांनाही ठाऊक होतं. पण मिस्त्रींनी पुढे जे विचारलं ते त्या यंत्राने विचारलं नव्हतं. गाडी थरथरते, एकाच बाजूला ओढते, की कुठेही भरकटते? एका ठरावीक वेगाला थरथरत असेल तर आधी चाकाचं बॅलन्सिंग पाहायचं. एकाच बाजूला ओढत असेल तर हवा कमी-जास्त आहे किंवा कुठला तरी ब्रेक धरून बसला आहे. बाजू न ठरवता भरकटत असेल तर खेळ आहे. कुठे आहे, तेवढंच शोधायचं.

हे बोलून झाल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, आणि इथे फियाटच्या सवयीने घात होता होता राहिला. जुन्या फियाटच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये वर्म आणि रोलर असतात. बॉक्सवरचा स्क्रू आवळला की खेळ कमी होतो, निदान गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत तरी. हेराल्डला तो बॉक्सच नाही. तिला रॅक-पिनियन आहे, आणि त्यातली दाबपट्टी गरजेपेक्षा जास्त आवळली तर स्टिअरिंग मध्यावरच अडकतं, आपणहून सरळ होत नाही आणि गाडी आधीपेक्षा जास्त भटकते. स्क्रू शोधून सापडला नाही, हे हेराल्डचं नशीब.

तिचं आणखी एक भाग्य म्हणजे तिचं बॉनेट. ते मडगार्डांसकट अख्खं पुढे कलंडतं. इंजिन, रॅक, पुढचं सस्पेन्शन सगळं उघड्यावर, आणि मिस्त्री चक्क टायरवर बसून काम करू शकतो. धरमपेठेत असा तमाशा वारंवार होत नाही. पोर्चसमोर मॉर्निंग वॉकवाले जमले आणि प्रत्येकाने आपापल्या गुडघेदुखीच्या अनुभवावरून मत दिलं.

मिस्त्रींची पद्धत पाहण्यासारखी होती. पुढचं चाक जॅकवर उचललं. आधी वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवलं. मग नऊ आणि तीनवर. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा खालचा ट्रनिअन. आडवा असेल तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक. वर-खाली टकटक लागली. भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला तेव्हा टकटक बंद झाली, म्हणजे दोष बेअरिंगचा. ते योग्य तेवढं आवळलं. मग चाकं जमिनीवर टेकवली आणि भाच्याला स्टिअरिंग इंच-इंच डावं-उजवं करायला लावून मिस्त्री एकेका जोडावर नुसता हात ठेवत गेले. टाय रॉड ठीक. पण रॅकवर हात ठेवला तर अख्खा रॅकच सरकत होता. तो चासीला ज्या रबरांवर बसवलेला असतो ती इंजिनच्या गळक्या तेलाने फुगून भुसभुशीत झाली होती. मालक चाक फिरवत होते आणि त्यातलं थोडं रबर खात होतं.

टायरचं प्रकरण भाच्याने काढलं. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढचे दोन टायर नवे रेडियल. मागचे दोन मात्र जुन्या क्रॉसप्लाय घडणीचे, नक्षी शाबूत म्हणून मालकांनी जपलेले. त्यांच्यावर १४०९ लिहिलं होतं. म्हणजे २००९ सालचा एप्रिलच्या आसपासचा माल, नागपूरच्या तेवढ्या उन्हाळ्यांत भाजून कडक झालेला. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर नव्या टायरांचीही करू नये. वळणावर मागची चाकं आधी घसरतात. मालकांनी खर्च वाचवण्यासाठी नेमकी तीच जोडी लावली होती. चारही चाकांना रेडियल आले. रॅकची रबरं बदलली. आता फक्त लांबवर चालवून पाहायचं राहिलं.

इथे कायदा आडवा येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नाशीपुढच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. रस्ते वाहतुकीचं खातं तेव्हा नागपूरच्याच खासदारांकडे होतं, ही मालकांना घरची बाब वाटते. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, मात्र रोजच्या वापराला मनाई. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. त्यामुळे रामटेकची रविवारची सहल अधिकृतरीत्या 'देखभाल' ठरली. देखभालीच्या साहित्यात पुरणपोळ्यांचा डबा, पाण्याची कॅन, काकू आणि काकूंची बहीण होती. त्या दोघी मागे, भाचा पुढे. मिस्त्री स्कूटरवरून मागून येणार, म्हणजे चाकं कशी पडतात ते दिसेल.

एलआयसी चौकातून निघणारा डबल डेकर उड्डाणपूल साडेपाच किलोमीटरांहून लांब आहे. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार मजले चढलेत. इतर लोक ही रचना मान वर करून पाहतात, मालक फक्त पुलाचे सांधे पाहत होते. प्रत्येक सांध्यावर गाडी हलकेच उडायची आणि भाचा "सरळ!" अशी नोंद पुकारायचा. पूल जिथे उतरतो त्या चौकाचं नावच ऑटोमोटिव्ह चौक. तिथे मालकांनी विजयी मुद्रेने हॉर्न दिला. त्यांच्यापुढे फक्त एक गाय होती.

कामठीच्या पुढे चहाला थांबले तेव्हा टपरीवाल्याने गाडीभोवती चक्कर मारून विचारलं, "काऊन जी, सिनेमाची आहे का?" मालकांनी मिकेलॉटीपासून सुरुवात केली. टपरीवाल्याने दोन गिऱ्हाइकं सोडली, पण ऐकून घेतलं.

कन्हानचा पूल, पुढे जबलपूरचा हमरस्ता, अंगावर येणारे ट्रक. ट्रक शेजारून गेला की हवेच्या झोताने हलकी गाडी थोडी हलतेच. तो दोष धरायचा नसतो. रस्त्याला मधून बाजूंना उतार असतो म्हणून गाडी किंचित डावीकडे कलते, तोही धरायचा नसतो. हे दोन्ही वगळून हेराल्ड मनसरपर्यंत सरळ गेली. मनसरला उजवीकडे वळून रामटेक गाठलं आणि मालकांनी गडाच्या पायथ्याशी जाहीर केलं की गाडी दुरुस्त झाली.

रामटेकला वाकड्या वाटेची परंपरा जुनी आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं इथे मानतात. कवीचं स्मारकही गडावर आहे. आणि त्या काव्यात यक्ष मेघाला अलकेचा रस्ता सांगताना मुद्दाम उज्जयिनीचा फेरा घ्यायला लावतो. मेघाला तरी त्याचं कारण सांगितलं होतं. हेराल्डला परतीच्या वाटेवर कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

झालं असं की काकूंनी परत गाडीत बसायला नकार दिला. मागच्या सीटवर पाय अवघडतात हे एक कारण. दुसरं कारण बिनतोड होतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. दोघी बहिणी रामटेकच्या स्टँडवरून आरामात निघून गेल्या, रिकामा डबा आणि कॅनही बरोबर घेऊन. मागची सीट रिकामी झाली आणि मनसरच्या आधीच हेराल्ड पुन्हा नाचू लागली.

मिस्त्रींनी स्कूटर पुढे काढून हात दाखवला. गाडी बाजूला घेतली. ते समोर गेलेच नाहीत, मागे जाऊन खाली वाकले. "येताना मागे वजन होतं. आता नाही. मंग दोष पुढे कसा असंल?"

हे हेराल्डच्या घडणीत बसतं. तिच्या मागच्या बाजूला सलग धुरा नसतो. मध्ये डिफरन्शियल, त्यावर एक आडवा पाट्यांचा स्प्रिंग, आणि दोन्ही अर्धे धुरे वर-खाली झुलतात. मागे वजन नसलं की चाकांचे खालचे भाग आत जातात आणि गाडी उंच टाचांवर उभी राहिल्यासारखी होते. वजन पडलं की चाकं फाकून बसतात, शिवाय नाक थोडं वर उचललं गेल्याने पुढच्या चाकांचा मागे कललेला कोन वाढतो आणि स्टिअरिंग स्वतःहून सरळ व्हायला लागतं. स्टँडर्ड कंपनीने १९७२ साली आलेल्या गॅझेलमध्ये हा झुलता धुरा काढून सलग धुरा बसवला, यावरून काय ते समजावं. पण निरोगी हेराल्डही एवढी भटकत नाही. मागचं प्रत्येक चाक पुढे-मागे सरकू नये म्हणून एक दांडी असते, तिच्या दोन्ही टोकांना रबरी बुश. मिस्त्रींनी पहार अडकवून दाबली आणि दांडी बुशमध्ये गदागदा हलली. म्हणजे मागची चाकं स्वतःच गाडीला वळवत होती आणि मालक वर्षभर पुढच्या चाकांना शिक्षा करत होते.

स्टिअरिंग हातात असतं म्हणून सगळे हाताजवळचाच दोष शोधतात; या एका बाबतीत ते दुकानातलं यंत्र, भाचा आणि मॉर्निंग वॉकवाले यांच्यात काही फरक नव्हता. राहिला प्रश्न काकूंना काय सांगायचं. "तू मागे बसलीस की गाडी सरळ चालते" हे वाक्य मालकांनी ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत वेगवेगळ्या प्रकारे जुळवून पाहिलं आणि गिळून टाकलं. घरी फक्त "बुश गेले होते" एवढंच सांगण्यात आलं.

बुश बदलले. अलाइनमेंट मिस्त्रींनी सुतळी ताणून केलं, पुढची चाकं जेमतेम एखादा मिलिमीटर आत ठेवून. कागद छापून मिळाला नाही. हेराल्ड आता रिकामीही सरळ जाते, आणि अवघ्या साडेसात मीटरांच्या आसपास वळते, त्यामुळे धरमपेठेच्या गल्लीत तिला आजच्या मोठ्या गाड्यांपेक्षा कमी त्रास होतो.

जाता जाता मिस्त्रींनी पुढच्या चाकांचे ट्रनिअन उघडले आणि त्यांचा आवाज प्रथमच चढला. ट्रनिअन म्हणजे काशाचा आट्यांचा तुकडा, ज्यावर चाकाचा उभा खांब फिरतो. त्यात वर्षानुवर्षं ग्रीस भरलं होतं. ग्रीस आट्यांमध्ये खालपर्यंत उतरत नाही, पाणी साचतं, खांब आतून गंजतो आणि एक दिवस तुटून चाक आडवं पडतं. तेव्हा ज्यांच्या दारात हेराल्ड किंवा स्पिटफायर अजून उभी असेल, त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर आपल्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारावं: ट्रनिअनमध्ये काय घालता? ९० नंबरचं गिअर ऑइल हे उत्तर आलं तर ठीक. ग्रीस म्हणाला तर गाडी आजच उघडायला लावा.