पेढे अडीचशे रुपये किलो!

"अहो काकू, ऐकलंत का? त्या नाक्यावरच्या नव्या दुकानात पेढे अडीचशे रुपये किलो लागलेत!"

पलीकडच्या वहिनींची बातमी अशीच येते, 'कशा आहात, बऱ्या आहात' न होता थेट कुंपणावरून. आमचं बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी आराखडा केला तेव्हा कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला लागू दिली नाही. सात-सात घरांचा घोळका आणि मध्ये अंगण. त्यामुळे ज्याला त्याला कुंपण मिळालं, आणि कुंपण आलं की गप्पा आल्याच. माझ्या हातात मेथीची जुडी, त्यांच्या खांद्यावर वाळत घालायचे कपडे.

"अडीचशे? मग ते पेढे नव्हेत वहिनी, पेढ्यांचे लांबचे पाहुणे असतील."

"का बरं? चांगले पांढरेशुभ्र आहेत की."

"हिशोब करा. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा पडतो. २०२३ च्या मार्चमध्येच मुंबईत म्हशीच्या सुट्या दुधाचा घाऊक भाव लिटरला ८५ रुपये झाला होता. किलोभर पेढ्यात पाव किलो साखर धरली, तरी उरलेल्या खव्याच्या दुधाचेच तीनशेच्या वर गेले. गॅस, माणूस, दुकानाचं भाडं अजून धरलंच नाही. मग हा अडीचशेत देतो तो काय पुण्य कमावायला बसलाय?"

वहिनींनी कपड्यांची बादली खाली ठेवली. म्हणजे आता बैठक बसणार.

"म्हणजे पीठ घालतात म्हणा."

"घालतात की नाही ते घरी बघता येतं. थोडा खवा पाण्यात उकळायचा, गार करायचा, वर टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब. निळं झालं की समजायचं, खव्यात पिष्ट आहे."

"घ्या! पेढा खायचा की प्रयोगशाळा उघडायची? आणि काकू, आमच्यासारख्यांनी मग गोड खायचंच नाही होय?"

"खायचं की! पण जे मुळातच स्वस्त आहे ते खायचं. महागाची वस्तू कुणी स्वस्त करून दिली, की आधी विचारायचं, बाबा रे, परवडतं कसं?"

वहिनींना हे पटलं, पण कबूल करायची त्यांची रीत निराळी. त्या लगेच स्वतःचं घोडं पुढे दामटतात. "ते मला काय सांगता? मी तर संध्याकाळी गरम जिलबी घेते. मैदा, साखर आणि तूप नाहीतर तेल, त्यात लपवायचं काय?"

खरं आहे. जिलबीवाला सगळं तुमच्या डोळ्यांदेखत करतो. भोक पाडलेल्या फडक्यातून आंबवलेलं पीठ कढईत सोडतो. दोन-तीन वेढे, वर एक आडवी रेघ, की झाली. काठ तांबूस दिसले की सळईनं उचलून पाकात, आणि पाक पोटात गेला की झाऱ्यानं वर. शंभर ग्रॅम मागितली तरी तोंड वाकडं करत नाही. पेढेवाल्याकडे शंभर ग्रॅम मागून बघा, तो तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागतो.

"पण काकू, पेढा म्हणजे आमच्या साताऱ्याचा कंदी. धाकटे दीर आणतात गावाहून." वहिनींचं माहेर-सासर दोन्ही पाटणकडचं, आणि दीर माथाडी, कोपरखैरण्याला राहतात. "खवा तांबूस होईस्तोवर भाजतात. साखर बेताची. एक खाल्ला की दुसरा मागायची इच्छा राहत नाही, इतका भरतो."

"मग तोच घ्यावा. महाग तर महाग, पण अर्धा किलो नको, चार पेढे. सणाला खव्याचं थोडं, एरवी गुळाचं भरपूर."

गुळावरून गाडी बाजार समितीकडे वळली. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात गूळ, साखर, नारळ, सुकामेवा सगळं एका आवारात. तिथे सकाळी उतरलेला माल आपल्या नाक्यावर येईपर्यंत दोन हात बदलतो, आणि प्रत्येक हाताला काहीतरी चिकटतंच. वहिनींच्या जावा दिवाळीआधी एकत्र जातात, मोठी खरेदी करून घरी वाटून घेतात. शेंगदाणे आणि गूळ आणला की चिक्कीला, लाडवाला लागतंय काय? मनगट!

"आणि काकू, त्या केरळच्या बायका करतात ते केळ्याचं भजं खाल्लंय का?"

"पळमपोरी?"

"तेच. नाव माझ्या जिभेवर बसत नाही, भजं बसतं."

नवी मुंबईत मल्याळी मंडळी पहिल्यापासून भरपूर. वाशी स्टेशनजवळ केरळ हाऊसच आहे. वाशीत, नेरूळला त्यांच्या लहान चहावाल्यांकडे काचेच्या कपाटात ही लांबट, सोनेरी भजी दिसतात. पिकलेलं केळं उभं चिरून पिठात बुडवून तळायचं, संपलं. साखर केळ्याचीच. चहाबरोबर एक घेतलं की दुपार निघते. थंडीत मालवणी महोत्सव लागला की आल्या-गुळाचा खाजा, आणि गावदेवीच्या जत्रेत रेवड्या. ह्यातल्या कशालाच खवा लागत नाही, म्हणून ह्यांचा भाव परवडतो.

"बरं, गोडाचं झालं. पोटाचं काय?" वहिनी. "परवा आमच्या लेकीनं मॉलमध्ये नेलं. दोन डोशांचं बिल बघून मला घेरी आली."

"मॉलवाल्याला तुम्ही पुन्हा कधी याल ह्याची फिकीर नसते. स्वस्त आणि बरं खायचं तर रोजचं गिऱ्हाईक असेल तिथे जायचं. आमच्या कोकण भवन, सिडको भवन ह्या कचेऱ्यांच्या भोवती दुपारी बघा. तीच माणसं, त्याच वेळेला, तीच बाकडी. उसळ एक दिवस आंबली तर दुसऱ्या दिवशी अख्खं खातं पलीकडच्या टपरीवर. त्या भीतीपोटी चव टिकते."

"आणि स्टेशनं?"

स्टेशनांचं खरंच वेगळं आहे. मानखुर्द ते वाशी रेल्वे १९९२ साली आली. ह्या भागातल्या मार्गांसाठी ६७ टक्के पैसा सिडकोनं घातला आणि ३३ टक्के रेल्वेनं. सिडकोनं स्टेशनं बांधली तीही नुसती फलाटापुरती नाही, आत-वर गाळे काढून. म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूरला गाडीतून उतरलं की वडा, इडली, ज्यूस, केक सगळं छताखालीच. पावसाळ्यात ह्याची किंमत कळते. तिथेही न्याय तोच. सकाळी ८.१२ च्या गाडीला रोज तोंड दाखवणाऱ्याला शिळा वडा देऊन कुणाचा गाळा चालेल?

"खारघरला आता मेट्रोनं जाता येतं. बेलापूर ते पेंधर. तिकीट दहापासून तीस रुपयांपर्यंत," वहिनी म्हणाल्या. "तिथं कॉलेजची पोरं फार, म्हणून खाणं स्वस्त."

"पोरांच्या खिशात असतं किती? दुकानदाराला त्या खिशाकडे बघूनच भाव लावावा लागतो. मात्र आइस्क्रीम घेताना पुडा वाचत जा. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात वनस्पती तेल असतं. आइस्क्रीम म्हणायचं तर दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीम, चॉकलेट, केक ह्यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. भाव उतरलाय का, तेही बघायचं."

आता वहिनींनी आवाज खाली आणला. म्हणजे मुख्य बातमी आत्ता येणार.

"मी त्या पेढेवाल्याकडे गेलेच होते काल. त्यानं काट्यावर आधी खोका ठेवला, आणि त्यातच पेढे भरून किलो केला! चांगला जाड पुठ्ठ्याचा खोका, वर सोनेरी झालर."

"म्हणजे पुठ्ठा अडीचशे रुपये किलो!"

"तेच म्हटलं त्याला. खोका काढ आणि मग तोल. तर म्हणतो, 'आमच्याकडे असंच असतं.'"

"असंच नसतं. मिठाईचं वजन खोका सोडून द्यायचं, असा नियम आहे. वैधमापन खातं त्यासाठीच बसलंय, तक्रार करता येते. आणखी एक, ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईसमोरही 'अमुक तारखेपर्यंत खा' अशी पाटी लावणं बंधनकारक आहे. ती होती का?"

"पाटी होती. 'उधारी बंद'ची."

आम्ही दोघी हसलो. घरातून आमच्या ह्यांनी विचारलं, मेथी निवडताय की लोकसभा भरवलीय?

"मग घेतलेत का पेढे?"

"छे! तिथनं सरळ स्टेशनला गेले आणि पाव किलो जिलबी आणली. वजन कागदावर केलं, खोका नाही, झालर नाही."

तेव्हा सांगणं एवढंच. गोड खा, बाहेरही खा, पण भाव कमी का आहे ते आधी स्वतःला विचारा. कच्चा माल स्वस्त आहे, मधले हात कमी आहेत, की रोजचं गिऱ्हाईक आहे? ह्यातलं एक तरी कारण सापडलं तर खुशाल घ्या. एकही सापडलं नाही, तर त्या स्वस्ताईचं कारण वस्तूच्या पोटात आहे असं समजा आणि पुढच्या दुकानात जा. आणि कुठंही गेलात तरी तोलायच्या आधी खोका खाली उतरवायला सांगा.