रिव्ह्यूकाका

‘कोड चालतोय’ हे वाक्य रिव्ह्यूकाकांसमोर उच्चारू नये. ते चष्मा कपाळावर सरकवतात, खुर्ची अर्धी वळवतात आणि म्हणतात, “चालतोय कुठे? अजून पडला नाहीये, एवढंच.”

बाणेरपासून हिंजवडीच्या तिसऱ्या फेजपर्यंत जिथे जिथे नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं, तिथे असे एक काका असतातच. पन्नाशी उलटलेली, पद कसलंतरी ‘प्रिन्सिपल’, हाताखाली एकही माणूस नाही, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय कोडची एक ओळ पुढे सरकत नाही. आमचे काका कोथरूडचे, शिक्षण सीओईपीत. टेबलावर रिचर्ड स्टीव्हन्सचं ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’, पहिला खंड, १९९४ चा, अप्पा बळवंत चौकातून जुन्यात घेतलेला. त्याला खाकी कव्हर, कव्हरवर लेबल, लेबलवर नाव. कोणी मागितलं तर ते पुस्तक देत नाहीत, पान वाचून दाखवतात. माझी जागा त्यांच्या शेजारी. मी मॅन्युअलं लिहितो, कोड लिहीत नाही, म्हणून आमची मैत्री टिकून आहे.

काकांचा जीव कुठे गुंतलाय म्हणाल, तर कनेक्शनांच्या नोंदींमध्ये. मशीनवरून या क्षणी कोण कोणाशी बोलतंय याची यादी ठेवणारा कोड. प्रत्येक कनेक्शनच्या गोष्टी पाचच: इकडचा पत्ता, इकडचं पोर्ट, तिकडचा पत्ता, तिकडचं पोर्ट आणि प्रोटोकॉल. पत्ता मशीनचा, पोर्ट त्या मशीनवरच्या प्रोग्रॅमचं. यात काय एवढं अवघड, असं प्रत्येक नव्या मुलाला वाटतं. पहिला रिव्ह्यू होईपर्यंत वाटतं.

परवाचीच गोष्ट. एका मुलाने लॉगमध्ये दोन्हीकडचे पत्ते छापायची सोय केली होती. छापून येत होतं ते असं, की पाठवणारा आणि घेणारा दोघांचा पत्ता एकच. पोरगं सकाळपासून नेटवर्कवाल्यांशी भांडत होतं. काकांनी त्याच्या मागे उभं राहून चहाचा घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, “हे गृहस्थ स्वतःलाच फोन का करतायत रे?” मग बोट एका ओळीवर. पत्त्याचे अंक अक्षरांत करून देणारं जुनं आयनेट-एनटोए फंक्शन त्याने एकाच ओळीत दोनदा बोलावलं होतं. ते फंक्शन आपलं उत्तर दर वेळी एकाच जागेत लिहितं, त्यामुळे दुसरा पत्ता लिहिला की पहिला गेला. “नेटवर्कवाल्यांना सॉरी म्हणून ये,” काका म्हणाले. “आणि येताना माझ्यासाठी अर्धा कटिंग.”

काका ‘अरे’ म्हणतात तोवर सगळं ठीक असतं. ‘अहो’वर आले की समजावं, प्रकरण गंभीर आहे. आणि ‘आपण हे लिहिताना नेमका काय विचार केला होतात?’ असं झालं, की आजूबाजूचे सगळे पाण्याची बाटली भरायला उठतात.

सर्वांत मोठा ‘आपण’ मी ऐकला तो तीन बाइटांवरून. एका मुलीने कनेक्शनच्या पाचही गोष्टी एका स्ट्रक्चरमध्ये ठेवल्या होत्या आणि दोन कनेक्शनं एकच आहेत का हे बघायला आख्खं स्ट्रक्चर दुसऱ्याशी ताडून पाहिलं होतं. तिच्या मशीनवर सगळ्या चाचण्या हिरव्या. काकांनी खणातून एक लग्नपत्रिका काढली (कागद म्हणून ते कायम लग्नपत्रिकांची पाठच वापरतात, गेल्या मोसमाचा साठा पुढच्या मोसमापर्यंत पुरतो) आणि शिसपेन्सिलीने सोळा चौकोन आखले. चार पत्त्याचे, चार पत्त्याचे, दोन पोर्टचे, दोन पोर्टचे, एक प्रोटोकॉलचा. झाले तेरा. उरलेले तीन त्यांनी तिरप्या रेघांनी भरले आणि पत्रिका तिच्यापुढे सरकवली. “हे तीन कोणाचे?”

ती गप्प.

“कंपायलरने हिशेब चारच्या पटीत बसावा म्हणून सोडलेत. त्यांत काय आहे? आधीचा जो काही केर असेल तो. तुमच्या मशीनवर नशिबाने शून्य आहे. गिऱ्हाइकाच्या मशीनवर केर निघेल, आणि एकच कनेक्शन दोनदा नोंदलं जाईल.” मुलीने स्ट्रक्चर आधी शून्याने भरून घेतलं, पत्रिकाही ठेवून घेतली. ती अजून तिच्या मॉनिटरला चिकटवलेली आहे. पुढच्या बाजूने चि. सौ. कां. वगैरे सगळं शाबूत.

भाद्रपद असो की चैत्र, काकांचा ठरलेला प्रश्न गणपतीचा. यादीत नोंद घालणारा कोड दिसला की लगेच: “प्रतिष्ठापना झकास. विसर्जन कुठाय?” कनेक्शन सुरू झाल्याचं सगळे उत्साहाने नोंदवतात, संपल्यावर काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. समोरचा माणूस रीतसर निरोप घेऊन गेला तर ठीक, पण त्याच्या घरची वीज गेली, फोन पाण्यात पडला, तर? नोंद बसून राहते. अशा नोंदी साचत साचत तक्ता भरतो आणि मग लिनक्स नवीन कनेक्शनं सरळ टाकून देतं. चालू टीसीपी कनेक्शनवर काहीच हालचाल नसली, तरी लिनक्सचा कनेक्शन-तक्ता ती नोंद ४,३२,००० सेकंद जपतो, म्हणजे बरोबर पाच दिवस. काकांना हे फार आवडतं. “लिनक्सचा पाच दिवसांचा,” ते म्हणतात, “आपल्या डब्यात मेमरी किती? आपल्याला दीड दिवसाचाच परवडतो.”

८० नंबरच्या पोर्टऐवजी कुठे २०४८० दिसलं, तर काका कोड न उघडताच सांगतात, “ऐंशीच आहे, पालथं पडलंय.” नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, आपल्या मशीनवर धाकटा आधी असतो, मध्ये उलटवायचं राहिलं की हे होतं. यावर त्यांची एक गोष्ट ठरलेली आहे. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये अंडं जाड टोकाकडून फोडावं की निमुळत्या, यावरून युद्ध होतं. डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० ला त्यावरूनच बाइटांच्या दोन पंथांना नावं दिली. गोष्ट खरी आहे. पण आयुष्यात एकदाही अंडं न फोडलेल्या माणसाने ती हातवारे करून सांगावी, याची गंमत काही और.

नवी मुलं वैतागतात, आणि मला त्यांची बाजूही पटते. वीस ओळींच्या बदलावर एकतीस शेरे आले तर कोणाचं डोकं शाबूत राहील? त्यांतले निम्मे तर मोकळ्या जागा आणि नावांवरून असतात. ‘पी’ म्हणजे पोर्ट की पॅकेट की प्रोटोकॉल की पॉइंटर, हा शेरा त्यांनी इतक्यांदा दिलाय की तो वेगळ्या फाइलीत जपून ठेवलाय, तिथून उचलून चिकटवतात. पत्त्यासाठी सोळा अक्षरांची जागा ठेवणाऱ्यावर तर त्यांचा विशेष राग. जुन्या आयपीव्ही फोर पत्त्याला सोळा पुरतात, आयपीव्ही सिक्सला सेहेचाळीस लागतात. “तुझ्या स्वतःच्या खिशातला जिओचा फोन बघ कुठल्या पत्त्यावरून बोलतोय, आणि मग सोळा लिही!”

हल्ली कोड एआयकडून लिहून आणायची पद्धत आलीये. एकाने तसं कबूल केलं, तेव्हा काका म्हणाले, “हरकत नाही. मग शेऱ्यांची उत्तरं द्यायला त्यालाच बोलाव.”

पण एकदा मी त्यांना न चिडता बोलताना ऐकलंय. वेळेची नोंद करणाऱ्या कोडवर त्यांनी विचारलं होतं, “ही वेळ कुठल्या गावची?” मुलगा म्हणाला, साडेपाच तासांचा फरक वाचणारा काढेल ना. काकांनी त्याला बसवून घेतलं. आयपीव्ही फोरचे पत्ते आहेतच सव्वाचारशे कोटींच्या आसपास, ते जगाला पुरत नाहीत, म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो-हजारो ग्राहक बसवतात. त्या क्षणी त्यांतला नेमका कोण बोलत होता, हे फक्त पोर्ट आणि वेळ यांवरूनच कळतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि मशीनची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवावी लागतात. ते उगाच नाही. “फसवणूक करतो एक, आणि तू साडेपाच तास चुकलास की पोलीस बेल वाजवतात दुसऱ्याच्याच दाराची. त्याच्या म्हाताऱ्या आईने दार उघडलं तर ती काय सांगणार आहे?” मुलाने वेळ बदलली. मीही त्या दिवशी मॅन्युअलात वेळेचा रकाना वाढवला.

घरीही फरक नाही. काकू म्हणतात, वाण्याची यादीसुद्धा शेरे मारून परत येते. सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांचं रजिस्टर आहे. काकांनी एका रविवारी ते चाळलं आणि वॉचमनला विचारलं, “आत गेलेल्या या अकरा जणांची बाहेर पडल्याची वेळ नाही. कुठे राहतायत हे लोक?” वॉचमनने डोकं चालवलं. आता तो ज्यांची वेळ लिहायची राहिली त्या सगळ्यांपुढे रात्री ११:५९ टाकून मोकळा होतो. काका ते बघून जरा वेळ थांबले. “टाइमआउट आहे,” म्हणाले, “फार बरा नाही, पण आमच्या पोरांपेक्षा बरा.”

त्यांची पसंती मिळणं म्हणजे सोहळा नव्हे. ‘ठीक’ एवढंच येतं, पूर्णविरामासकट. ज्याला ‘बरं लिहिलंय’ मिळालं त्याने म्हणे त्याचा फोटो काढून ठेवलाय.

तुमच्या ऑफिसात असे काका असतील, आणि असणारच, तर त्यांना शुक्रवारी संध्याकाळी कोड पाठवू नका. सोमवारी सकाळी, त्यांचा पहिला चहा झाल्यावर पाठवा. छोटा पाठवा. चाचणीत एक आयपीव्ही सिक्सचा पत्ता घाला, स्ट्रक्चर शून्याने भरा, पोर्ट उलटवा, आणि विसर्जनाची ओळ प्रतिष्ठापनेच्या आधी लिहून घ्या. तरीही ते काहीतरी काढतीलच.