वर्तणूक नियमसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
आदरणीय महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९,
मुक्काम: आस्थापना शाखेचं लोखंडी कपाट, छत्रपती संभाजीनगर.

विषय: सुटीच्या दिवशी क्रांती चौकात उभं राहिल्याबाबत.
संदर्भ: कारणे दाखवा नोटीस (पोच दिली आहे).

महोदय,

खुलासा तीन दिवसांत मागितला आहे, तो आस्थापनेला रीतसर मिळेल. हे पत्र मात्र थेट तुम्हाला. नोटिशीवर सही साहेबांची असली तरी सगळा भार तुमच्याच नावावर टाकलाय.

परभणीत १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यावरून पेटलेल्या आंदोलनानंतर अटक होऊन सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला, तो जिवंत परतला नाही. त्याला न्याय मिळावा म्हणून जी निदर्शनं झाली, त्यांत मी संविधानाच्या उद्देशिकेची प्रत धरून उभा होतो. घोषणा दिली नाही. घसा बसला होता. नोटिशीला पुरावा म्हणून फोटो जोडलाय. त्यात माझं अर्धं डोकं आणि अख्खी उद्देशिका दिसते. डोक्याभोवती लाल पेनने गोल केलाय, आणि का कोण जाणे, उद्देशिकेभोवतीही. फोटो काढणारे कर्मचारीबंधूही तेव्हा क्रांती चौकातच असणार, पण त्यांना नोटीस नाही. ते बहुधा कर्तव्यावर असावेत.

हीच उद्देशिका आम्ही दर २६ नोव्हेंबरला कार्यालयाच्या पोर्चमध्ये सामूहिक वाचतो. पहिल्या रांगेत वर्ग एक, मग वर्ग दोन, मागे आम्ही. समतेचं वाचन झालं की त्याच क्रमाने चहा. त्याचाही फोटो निघतो, तो ‘वर’ पाठवला जातो आणि अनुपालन झालं असा शेरा पडतो. सकाळी अकराला मोठ्याने वाचली तर शिस्त, सुटीत मुकाट्याने हातात धरली तर राजकारण, एवढं मला नीट समजावून द्यावं.

राजकारण नेमकं कशाला म्हणायचं, हेही. आमच्याच शाखेतले चौघे जण मंत्रिमहोदयांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ म्हणून हात जोडून झळकले. एक जण स्वजातीच्या वधू-वर मेळाव्याचे कार्याध्यक्ष आहेत; पावतीपुस्तकं कार्यालयाच्याच ड्रॉवरमध्ये असतात. हे समाजकार्य. जात मिरवली तर समाजकार्य आणि जातीविरुद्ध उभं राहिलं की जातीयवाद, ही व्याख्या तुमच्या कुठल्या पोटनियमात आहे? मला तरी सापडली नाही. केंद्राने तर ९ जुलै २०२४ ला आपल्या कर्मचाऱ्यांवरची, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यक्रमांना जाण्याची १९६६ पासूनची बंदी उठवली. माझी त्याला हरकत नाही. सुटीत कुणी कुठे जावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मीही तेवढंच म्हणतोय.

आता २८ जुलै २०२५ चा समाजमाध्यमांबाबतचा शासन निर्णय तुमच्या मदतीला आलाय. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको. योजनेच्या यशाबद्दल लिहायला हरकत नाही, पण स्वयंप्रशंसा टाळावी. म्हणजे कौतुकाला पूर्ण मोकळीक, फक्त ते साहेबांचं हवं.

साहेबांनी फाईलवर ‘शासकीय सेवक २४ तास शासकीय सेवक असतो’ असं लिहिलंय. मग उरलेल्या सोळा तासांचा पगार कुठल्या लेखाशीर्षाखाली निघतो, तेही कळवावं. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच, कामेश्वर प्रसाद खटल्यात, सांगून ठेवलंय की नोकरी लागली म्हणून माणूस मूलभूत हक्कांना मुकत नाही. संपाचा हक्क नाही, पण निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्रिपुरातल्या मत्स्य विभागातल्या एका लिपिकबाई राजकीय सभेला हजर राहिल्या म्हणून निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झाल्या. तिथल्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला की सभेला हजर असणं म्हणजे सभेत भाग घेणं नव्हे. हे निकाल आस्थापनेच्या कपाटात पोचले नसावेत. आवक नोंदवही तपासावी.

एक जुनी गोष्टही तुमच्या कानावर घालतो. साठच्या दशकात पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाच्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला, त्याला निलंबित केलं. त्याच्या बाजूने उभा राहिलेला तिथलाच एक अधिकारी पुढे नोकरी सोडून बाहेर पडला. त्याचं नाव कांशीराम. बामसेफ ही कर्मचाऱ्यांची संघटना निघाली, १९८४ मध्ये बहुजन समाज पक्ष निघाला. इतकं मोठं राजकारण निदर्शकांनी नाही, एका निलंबनाच्या आदेशाने सुरू करून दिलं. आमच्या साहेबांना हे जरा बेताने सांगा, त्यांचा रक्तदाब वाढतो.

तुमचा जन्म १९७९ चा. त्याच वर्षी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून नागपूरहून या शहराच्या दिशेने लाँग मार्च निघाला होता. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ज्या नावासाठी माणसं मेली, घरं जळाली, तेच आता आमच्या पत्रव्यवहारात पत्ता म्हणून टाईप होतं, आणि पिनकोड चुकला तर मेमो मिळतो.

तर येत्या १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर अभिवादनाला जायचंय. किरकोळ रजेचा अर्ज सोबत जोडला आहे. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलंय. मंजूर व्हावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक (कार्यालयीन वेळेत),
एक वरिष्ठ लिपिक