गणपतीच्या पाठीमागे

नदीकाठच्या देवळाचा फोटो काढणारा माणूस हमखास चुकीच्या बाजूला उभा असतो, असं माझं मत आहे. तो समोर उभा असतो. देऊळ दिसलं की पाय आपोआप दाराकडे वळतात आणि फोनही दाराशीच खिशातून निघतो. मग डावीकडे दीपमाळ, मध्ये पायऱ्या, वर कळस, कळसाला टेकलेला एखादा ढग आणि पायऱ्यांवर गॉगल लावलेला मेहुणा. हा फोटो महाराष्ट्रात इतक्या वेळा निघाला आहे की मेहुणा ओळखीचा नसेल तर देऊळ कुठलं हे सांगता येऊ नये. आता वाईचा ढोल्या गणपती घ्या. मूर्ती सुमारे १० फूट उंच आणि ८ फूट रुंद, म्हणून नाव ढोल्या; देवाला इतक्या लाडाने जाडा म्हणणारं गाव विरळा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं ते अगदी घाटावर, म्हणजे आषाढ-श्रावणात कृष्णा जिथून जायचं म्हणते त्याच जागेवर. एवढ्या देवाला रोज उठून हलवता येत नाही आणि नदीला हलवण्याची कल्पना अजून कंत्राटदारांना सुचलेली नव्हती. तेव्हा बांधणाऱ्यांनी मागची भिंत सपाट न ठेवता माशासारखी निमुळती केली. येणारं पाणी त्या टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी पुढे निघून जातं. पुलाच्या खांबाला पाण्याच्या बाजूने असंच टोक काढतात. सांगायचं एवढंच की या देवळाची सगळी अक्कल पाठीमागे आहे. समोर आहे ते स्वागत. आणि आपण दोनशे साठ वर्षांनी तिथे जाऊन स्वागताचा फोटो काढून परत येतो.

समोरची बाजू भरवशाची नसते याचा पुरावा वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीत आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, काठावर मेणेश्वराचं देऊळ. २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये हेच मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘गंगाजल’मध्ये वाईचा परिसर बिहार झाला होता, आणि बघणाऱ्यांनी मुकाट्याने मानलं. म्हणजे समोरून पाहिलं तर कृष्णाकाठ पेशवाईचाही दिसतो आणि पाटण्याच्या आसपासचाही. जशी भूमिका मिळेल तसा. घाटाच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही, पुष्कळ नटांपेक्षा तो बराच संयत आहे. पण जी गोष्ट इतक्या सहजासहजी दुसऱ्याचं सोंग घेते, तिच्या चेहऱ्याचा फोटो काढून आपण नेमकं काय जपून ठेवतो? मेणवलीला सोंग घेता येणार नाही अशी एक वस्तू त्याच घाटावर टांगलेली आहे: मेरीमातेची आकृती असलेली पोर्तुगीज घंटा, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली. चर्चची घंटा, शंकराच्या शेजारी, पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या घाटावर! हे चरणपूरला कुठून जमणार? मात्र ती आकृती टिपायची तर जवळ जावं लागतं, चंद्रकोर, वाडा, आकाश असा सगळा देखणा संसार चौकटीबाहेर ठेवावा लागतो, आणि मेहुण्यालाही बाहेर जायला सांगावं लागतं. तेवढं धैर्य फार थोड्यांपाशी असतं.

आता कुणी म्हणेल, पाठीमागची भिंत बघण्यात काय मजा? मजा अशी की नदीकाठचं देऊळ मुळात नदीशी बोलत असतं. आपण भक्त मधल्या मध्ये ते संभाषण ऐकणारे. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचा पूर देवळात शिरतो, पादुकांवरून वाहतो आणि दक्षिण दाराने बाहेर पडतो, तेव्हा लोक हाय खात नाहीत. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतात. पंढरपुरात पुंडलिकाचं देऊळ चंद्रभागेच्या पात्रातच उभं आहे, पूर आला की बुडतं, ओसरला की वर येतं, आणि याबद्दल पुंडलिकाने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. नाशकात धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हा आकडा सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातो, पण दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं असं कळलं की गोदाकाठचे दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतात. सरकारी मोजपट्टीपेक्षा हा मारुती वाचायला सोपा. (त्याला दोन तोंडं आहेत, म्हणजे पाठच नाही. माझ्या सिद्धांताला असलेला हा एकमेव अपवाद मी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.) ही देवळं नदीला दारात उभं करून ठेवत नाहीत, तिला घरात घेण्याची तयारी ठेवूनच बांधलेली असतात. आपण मात्र जातो डिसेंबरात, आकाश निळं असताना, नदी अंग चोरून बसलेली असताना, आणि म्हणतो, काय शांत ठिकाण आहे!

शांतपणा कमी पडला तर तो कॅमेऱ्यातून घालता येतो. भिंगावर काळपट काच चढवायची, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा आणि झडप काही सेकंद उघडी सोडायची. पाण्याच्या लाटा एकमेकींत विरघळतात आणि नदी दुधासारखी, फार तर धुक्यासारखी दिसते. यातली गंमत अशी की एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकारांच्या नद्या अशाच दुधाळ यायच्या, कारण त्यांच्या काचांना चित्र धरायला वेळ लागायचा. तो त्यांचा नाइलाज होता. आज सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात लाट जागच्या जागी थोपवणारा कॅमेरा हातात असताना, आपण वर पैसे मोजून ती काच घेतो आणि पणजोबांचा नाइलाज विकत आणतो. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण ज्या पाण्याचा जोर तोडण्यासाठी कुणीतरी भिंतीला माशाचा आकार दिला, त्याच पाण्याला फोटोत बासुंदी करून टाकलं, तर त्या भिंतीने बिचारीने एवढा खटाटोप कशासाठी केला हे बघणाऱ्याला कसं कळावं? बासुंदी थोपवायला कुणी दगड घडवत नाही.

निसर्गाच्या बाबतीत तर आपण याहून भोळे. ‘देऊळ आणि हिरवागार परिसर’ अशा फोटोंत जे हिरवंगार दिसतं ते पुष्कळदा जलपर्णी असते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही पाहुणी सांडपाण्यावर पोसते आणि वर जांभळा तुराही मिरवते, त्यामुळे फोटोत ती एकदम शालीन दिसते. नदी जितकी घाण तितका फोटो हिरवा, असं हे त्रांगडं आहे. उलट खरा निसर्ग आपल्याला नकोसा वाटतो, कारण तो विजेच्या तारेवर बसलेला असतो. घाटावरचा खंड्या झाडावर बसतो तसाच खुशाल तारेवरही बसतो, तिथून त्याला पाणी चांगलं दिसतं. आजकाल फोनमध्ये बोट फिरवलं की तार पुसता येते. मग खंड्या हवेत बसलेला दिसतो, आणि तोही देवाचाच चमत्कार म्हणून चुलत्यांच्या ग्रुपवर फिरतो. तार असू द्यावी. ती कुरूप आहे, पण आज घाटावर वीज आहे आणि पक्ष्याने ती मान्य केली आहे, एवढं तरी ती खरं सांगते.

माझ्या मताला सर्वांत वजनदार आक्षेप धर्माचा आहे: गणपतीच्या पाठीचं दर्शन घेऊ नये, तिथे दारिद्र्य असतं. आजीने सांगितलेल्या गोष्टीशी वाद घालण्याची माझी हिंमत नाही, म्हणून मी पळवाट काढतो. पाठ मूर्तीची आणि भिंत देवळाची, या दोहोंमध्ये भरपूर दगड आहे. शिवाय प्रदक्षिणा घालणारा प्रत्येक जण मागून जातोच, आणि त्याला कुणी दरिद्री ठरवत नाही. कृष्णेने तर १७६२ पासून त्या देवळाची पाठच तेवढी पाहिली. तिला दारिद्र्य आलं ते अलीकडे, आणि त्याचं खापर गणपतीवर फोडण्याआधी आपण आपली गटारं कुठे सोडली आहेत ते पाहावं. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: मागच्या बाजूला कचरा असतो. असतो. निर्माल्याच्या पिशव्या, फुटक्या फ्रेममधले निवृत्त झालेले देव, पाण्याच्या बाटल्या. पण त्या मागे का असतात? समोर फोटो काढतात म्हणून! सगळ्यांनी मागून फोटो काढायला सुरुवात केली तर कचरा लाजून समोर येईल, आणि समोर आला की तो कुणाच्या तरी पायात येऊन उचलला तरी जाईल. तिसरा आक्षेप मला खरोखर पटतो. फोटो हा पुरावा नसून आठवण असते, माणसाला आपल्या आठवणी देखण्या हव्या असतात, आणि त्यात इतरांनी नाक खुपसू नये. कबूल. मेहुण्याचा फोटो जरूर काढावा, नाहीतर बहिणीकडून पुढची दिवाळी कठीण जाईल. माझं म्हणणं इतकंच, की तो झाल्यावर फोन लगेच खिशात घालू नये. देवळाला वळसा घालायला अशी किती मिनिटं लागतात?

आणि हो, पुरात उतरून फोटो काढा असं मी म्हणालेलो नाही. तशी बातमी दरवर्षी वाचायला मिळते आणि तिच्यातला फोटो काढणाऱ्याचा नसतो. पूर ओसरल्यावर जावं. पाणी कुठवर चढलं होतं त्याची मळकट रेघ बऱ्याचदा भिंतीवर राहिलेली असते; ती चौकटीत घ्यावी, आणि उंची कळावी म्हणून शेजारी कुणाला तरी उभं करावं, हवं तर मेहुण्यालाच. घाटाच्या खालच्या पायरीवर कुणी बाई धुणं आपटत असेल तर तिला ‘काकू, जरा बाजूला व्हा’ म्हणू नये. त्या पायऱ्या पाण्यापर्यंत नेल्या आहेत त्या पाण्याचं काम असणाऱ्यांसाठी, आणि त्या वेळी काम तिचं चाललेलं असतं, आपलं नाही. तिला विचारावं, तुमच्यासकट फोटो काढू का. नाही म्हणाली तर गुपचूप भिंतीचा काढावा.