शिक्का कुठी आहे?

पेरणी तोंडावर आली की वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत पीककर्जाची धावपळ सुरू होते. केळझर, हिंगणी, झडशीकडचा शेतकरी सेवा केंद्रातून ऑनलाइन सातबारा काढतो. त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते, पडताळणी क्रमांक असतो आणि सही-शिक्क्याची गरज नाही, असंही तिथेच छापलेलं असतं. हा सातबारा 1 मे 2018 पासून मिळतो. डिजिटल सहीला मान्यता तर 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेच दिली. तरी टेबलामागचा माणूस कागद उलटापालटा करून विचारतो, “शिक्का कुठी आहे?”

शिक्का तलाठ्याकडे. तलाठ्याकडे गावं अनेक, म्हणजे तो आज कुठे बसलाय ते आधी शोधा. सापडला, तर यंत्राने सही केलेल्या कागदावर तो पेनाने सही करतो. पुढच्या टेबलावर मग त्याची झेरॉक्स मागतात, तीही साक्षांकित. राज्य सरकारने 9 मार्च 2015 च्या निर्णयाने स्वसाक्षांकन मान्य केलं, पण छापील अर्जावरची जुनी ओळ कुणी काढली नाही. ईमेल पाठवला, तर त्याची प्रिंट आणून आवकला द्यायला सांगतात. एवढ्यात दिवसाची मजुरी बुडते, याचा मला खरा राग आहे.

टेबलावरच्या माणसाला आळशी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. विचारलं तर तो सरळ सांगतो, “भाऊ, उद्या ऑडिटमधी कोनी विचारलं तं मी काय दाखवू?” त्याची भीती खरी आहे. नवी पद्धत आणणारा साहेब बदलून जातो आणि नोटीस निघते ती कारकुनाच्या नावाने. नवं करायचा आदेश त्याला मिळतो, जुनं बंद करायचा मिळत नाही. म्हणून तो दोन्ही ठेवतो, आणि दोन्हींचा भार रांगेतल्या माणसावर येतो. प्रशिक्षणात त्याला संगणकाची बटणं शिकवतात. पडताळणी क्रमांक तपासला की त्याची जबाबदारी संपते, हे सांगायचं राहून जातं.

जुनं काढून नवं आणायचं काम महाराष्ट्रात एकदा नीट झालं आहे. 1980च्या दशकात अनिलकुमार लखीना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी आधी दप्तराला हात घातला. गठ्ठे सोडून फायली निवडल्या, ठेवायच्या त्या लावल्या, बाकीच्या नष्ट केल्या. कुणी काय काम करायचं हे लिहून ठेवलं आणि आलेल्या माणसाला कर्मचाऱ्याच्या समोर बसायची सोय केली. जुनं हटलं, म्हणून नव्याला जागा झाली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून तो पुढे राज्यभर गाजला, पण बऱ्याच ठिकाणी त्यातली रंगरंगोटीच तेवढी उचलली गेली.

सेलूतल्या प्रत्येक कार्यालयाच्या आणि बँकेच्या प्रमुखाने एक पानाचा आदेश आपल्या सहीने काढावा. त्यात लिहावं: डिजिटल सातबारा तपासून घेतला, तर त्याबद्दल कर्मचाऱ्याला कुणी जाब विचारणार नाही. विचारलाच, तर उत्तर मी देईन. तो आदेश टेबलाच्या काचेखाली ठेवावा, शेतकऱ्यालाही वाचता येईल असा. आणि साक्षांकित प्रतींची ओळ असलेले अर्ज पुन्हा छापायला देऊ नयेत.