मेहकरचे मनोरेकर

मनोरेकर हे आडनाव नाही, खोड आहे. मेहकर-बुलढाण्याकडे गल्लीत एखादा तरी निवृत्त मास्तर नाहीतर बँकेतला साहेब या खोडीचा निघतोच. पोरगं परदेशात, गुडघे अजून शाबूत आणि मत ठाम : "वर चढल्याबिगर गाव समजत नाही, राजेहो!"

परगावी उतरल्यावर बाकीची माणसं चहाची टपरी शोधतात. मनोरेकर मान वर करतात. मिनार, बुरूज, चर्चचा मनोरा, काहीही चालतं. धर्माचा भेदभाव नाही, जिना असला की झालं. नांदुऱ्याच्या १०५ फुटी मारुतीला तेवढे ते खालूनच हात जोडतात, कारण देवाच्या खांद्यावर चढायचं कसं? कुतुबमिनारचा जिना १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर बंद झाला, ही त्यांची जुनी ठसठस. जुन्या गोव्यात तर फारच हाल. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटर उंच उभा आहे, पण अर्धाच, पडझड झालेला. मनोरेकरांनी तिथल्या रखवालदाराला बाजूला घेऊन विचारलं, "मागून काही रस्ता?"

पोरगा जर्मनीत लागला आणि त्यांचं भाग्य उघडलं. उल्म गावचं चर्च १८९० मध्ये पुरं झालं. मनोरा १६१ मीटर, पायऱ्या ७६८. मनोरेकर 'गण गण गणात बोते' म्हणत चढले. वर जिना इतका अरुंद होत जातो की मागच्या जर्मन मंडळींनाही गजाननाच्या चालीनेच चढावं लागलं. वर पोचल्यावर हवा स्वच्छ असेल तर आल्प्स दिसतात. मनोरेकरांनी मात्र आधी पूर्व दिशा धरली. "मेहकर या बाजूनं येते." मग खालच्या डॅन्यूबकडे पाहिलं. "पावसाळ्यात आपली पैनगंगा याच्याहून भरते." मग गावाकडे व्हिडिओ कॉल. "तो खाली ठिपका दिसून राह्यला नं, ते तुमची काकू."

काकू कधीच वर चढत नाहीत. चिवड्याची पिशवी घेऊन खाली बाकावर बसतात, असा मनोरेकरांचा समज आहे. ते धापा टाकत उतरेपर्यंत काकूंनी चर्चसमोरच्या बाजारात चेरी चाखून, भाव पाडून घेतलेल्या असतात. एका तुर्की बाईशी खाणाखुणांनी बोलून कोथिंबीर कुठे मिळते तेही कळलेलं असतं. गाव कोणाला जास्त समजलं, हे विचारायची त्या घरात पद्धत नाही.

२०२५ मध्ये बार्सिलोनाच्या सग्राडा फामिलियाने उल्मचा चर्चच्या उंचीतला पहिला नंबर काढून घेतला, तेव्हा घरच्या पोराचा बोर्डातला नंबर हुकावा तसे ते हळहळले. लगेच पोराला फोन : "स्पेनचा व्हिसा वेगळा लागते का रे?"

खरं सांगायचं तर दोष त्यांचा एकट्याचा नाही, पाण्याचा आहे. मेहकरात कंचनीचा महाल आहे. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या महालावरून दिसावा म्हणून कंचनी मजल्यावर मजले चढवायला निघाली आणि देवीला ते काही रुचलं नाही, असं गावात सांगतात. कवींना ती भुरळ घालते. मनोरेकरांच्या लेखी ती संप्रदायाची आद्य गुरू. फक्त तिचं काम अर्धवट राहिलं, एवढंच त्यांना खटकतं.

आणि खुद्द लोणारला गेले की हा माणूस बिथरतो. पोरगा-सून सुट्टीवर आले की विवर दाखवायला न्यावंच लागतं. काठावर गाडीतून पाय खाली टाकावा, तर पावणेदोन किलोमीटर रुंदीचं अख्खं विवर फुकटात समोर. एक पायरी चढलेली नाही, घामाचा थेंब नाही आणि देखावा संपलासुद्धा! पाण्याजवळ जायचं तर सव्वाशे-दीडशे मीटर खाली उतरा आणि दमछाक परतीच्या वाटेवर, तीही जे आधीच पाहिलं तिथंच पोचण्यासाठी. "हा उलटा कारभार आहे," मनोरेकर कुरकुरतात. काकू पदर खोचून सुनेसोबत देवीची ओटी भरायला केव्हाच खाली गेलेल्या असतात.

मनोरेकर काठावरून घिरट्या घालतात, टाचा उंचावतात, एका दगडावर चढून पाहतात. शेवटी गाइडला गाठतात.

"इथं एक मनोरा पाह्यजे होता राजेहो. मेहकर दिसलं असतं."